गल्लीत मावणारी गाडी

माणमधले आमचे घरमालक आपल्या जुन्या, छोट्या पेट्रोल गाडीला डबडं म्हणतात. ती आली तेव्हा गावभर पेढे वाटले होते म्हणे. आता, "हिच्यातनं उतरलं की सोयरे हसत्यात," म्हणून त्यांनी ट्रॅक्टरएवढी उंच गाडी घेतली. पण भाड्याच्या खोल्या वाढवता वाढवता त्यांनी स्वतःचीच गल्ली इतकी आवळलीय, की नवी गाडी आत शिरेना. ती हार घालून हमरस्त्यावर उभी असते. लग्नाला निघाले की मालक फेटा सांभाळत डबड्यात बसतात, रस्त्यापर्यंत जातात आणि इकडेतिकडे बघून मोठ्या गाडीत चढतात.

परवा मी विचारलं, "काका, डबडं मला विकता का?"

ते दचकलेच. "येड लागलंय का तुमाला? मग मोठ्या गाडीपत्तुर मी काय चालत जाऊ व्हय?"