तिच्या नावाची ओळ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला लागली की खो-खो हसणारा मी माणूस. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, दक्षिण दिल्लीतल्याच एका संस्थेत खगोलशास्त्रात पीएचडी करतोय. संस्थेचं नाव देत नाही. आमच्या गाईडचंही नाही – त्यांना नुसतं 'सर' म्हणू, तेवढा मानही जास्तच आहे.

आमचं काम क्वेसार शोधायचं. क्वेसार म्हणजे अतिशय दूरच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र, पण फोटोत ते दिसतं ताऱ्यासारखंच... एक ठिपका. मग ओळखायचं रंगावरून. आकाशाचे फोटो वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेले असतात. कोणता ठिपका कशात किती उजळ, याचा आलेख काढला की तारे एका पट्ट्यात बसतात आणि क्वेसार बाजूला पडतात. मात्र ठरावीक अंतरावरच्या क्वेसारचा रंग नेमका ताऱ्यांसारखाच होतो आणि ते त्या पट्ट्याच्या गर्दीत घुसतात. तिथे भलेभले हात टेकतात.

ऋतुजाने टेकले नाहीत. ऋतुजा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. वडील फौजेत सुभेदार, घर कँटोन्मेंटमध्ये. "सरोजिनी मार्केटातल्या स्वस्त कपड्यांच्या ढिगातून धड कुर्ता काढता येतो ना? मग हेही येतं यार," म्हणायची. तिने खपून खपून त्या गर्दीतले क्वेसार वेगळे काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंधही. आमच्यात रिवाज असा, की प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव घालायचं. ती ओळ फक्त माणसांसाठी. कॉम्प्युटर ती वाचत नाही, सोडून पुढे जातो. एवढं लक्षात ठेवा.

पावसाळा संपता संपता ऋतुजा डेंग्यूने गेली. तेराव्याला तिचे वडील – काका – मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंदार, पोरीचा त्यो पेपर छापून आला की तिचं नाव दाखव बाबा. गावाकडं लोक इचारत्यात, दिल्लीत शिकवून काय मिळवलंस म्हणून."

आणि त्याच आठवड्यात सरांनी प्रोग्राममधली तिच्या नावाची ओळ पुसून स्वतःचं नाव घातलं, पेपरवरही तेच. मी विचारलं तर म्हणाले, "अरे यार, जो चला गया, उसे पेपर से क्या? प्रमोशन तो जिंदा आदमी को चाहिए." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझा प्रबंध त्यांच्याच हातात, म्हणून तोंड दाबून बसलो. याचं वाटोळं होऊ दे, असं मात्र रोज मनात म्हणायचो. अगदी देवाचं नाव घ्यावं तसं, नेमाने.

एका दुपारी चहा घेता घेता मी सरांची फाईल चालवून पाहिली. टेस्टसाठी आमच्याकडे आधीच खात्री झालेले क्वेसार आहेत, ते तर प्रोग्रामने निवडायलाच हवेत. त्याने एकही निवडला नाही. उलट साधे तारे उचलून 'हे घ्या क्वेसार' म्हणून पुढे केले! वाटलं, सरांनी काहीतरी बिघडवलं. ऋतुजाची मूळ फाईल काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. फरक फक्त पहिल्या ओळीत. तिचं नाव परत घातलं – सगळे क्वेसार हजर. काढलं – तारे. माझं नाव घातलं – तारे. दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं... तेच. भर दुपारी अंगावर काटा आला, चहा तसाच राहिला.

सरांना सांगायला हवं होतं, नाही का? नाही सांगितलं. मुद्दाम.

सरांनी वजन वापरून मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळवला. निवडलेल्या ठिपक्यांचा प्रकाश तिथे फोडून बघतात, तेव्हाच क्वेसार की तारा हे नक्की होतं. आधी टेस्ट करायची? कशाला – ती ऋतुजाने केलीच होती, यांनी तर फक्त नाव बदललेलं. निकालही सगळ्यांसमोर उघडायचा थाट! बाहेरचे पाहुणे, समोसे, गुलाबजाम. पहिला निघाला तारा. दुसरा तारा. पुढचाही तारा. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, "सर, एक भी नहीं?" सरांना घाम फुटला होता. मी मागच्या रांगेत गुलाबजाम खात होतो. इतके गोड गुलाबजाम मी जन्मात खाल्ले नाहीत, आणि याची मला आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी सर माझ्या टेबलापाशी आले. "बेटा, गडबड कहाँ है?"

"ऋतुजा का नाम डालिए, सर."

त्यांनी मला वेड्यात काढलं. मग मुकाट्याने बसले. आधी स्वतःच्या नावाखाली तिचं घातलं – तारे. तिचं वर, स्वतःचं खाली – तरी तारेच. शेवटी त्यांनी आपलं नाव एकेक अक्षर पुसलं, आणि स्क्रीनभर क्वेसार आले. त्यानंतर पेपरवर स्वतःचं नाव घालायचा विषय त्यांनी काढला नाही.

पेपर तिने लिहिला तसाच छापून आला. वर एकट्या ऋतुजाचं नाव. मी प्रिंट घेऊन कँटोन्मेंटमध्ये गेलो. काकांनी इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत तिचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बराच वेळ बोट तिथून काढलंच नाही. मग म्हणाले, "सायबांचं नाव न्हाई यात?"

"नाही, काका."

"का रं?"

मी पान उलटून तिने शोधलेल्या क्वेसारची यादी त्यांना दाखवली. माझ्या प्रबंधासाठी मी तोच प्रोग्राम वापरतो, पण त्यावर माझं नाव घालून बघायची पुन्हा हिंमत केलेली नाही. कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. मग वाचतं कोण, ते मात्र मला विचारू नका.