बीट संपल्यावरचे नऊ दिवस

रिसोडच्या वाटेवर आमचा भाजीचा मळा आहे. कोणत्या दिवशी काय काढलं, बाजारात काय गेलं, घरात काय शिजलं, सगळं मी वहीत लिहिते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या वहीला पोथी म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांना लघवी लाल होऊ लागली. दुखणं नाही, ताप नाही. आम्ही हसलो. बीट निघत होतं, आणि न खपलेला माल घरातच खायची आमची रीत. बीट खाल्लं की लघवी लाल होते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मग एका सकाळी ते म्हणाले, "सूनबाई, बीट कमी कर. अजून लालच होऊन राह्यलं."

मी वही उघडली. शेवटचं बीट निघून नऊ दिवस झाले होते.

"मामाजी, बीट कवाच संपलं."

"तुही पोथी चुकली असंन."

"पोथी चुकत नाही. उद्या अकोल्याले डॉक्टरकडे जायचं."

"कायले? दुखत त नाही!"

"म्हणूनच. न दुखता रक्त जात असंन त जास्त भेव."

अकोल्यात तपासण्या झाल्या. किडनीकडून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीत कॅन्सरची गाठ निघाली. मी पेन काढून विचारलं, "पुढचं कशावर अवलंबून आहे?" डॉक्टर म्हणाले, गाठ नळीच्या भिंतीत किती खोल गेली, किती आक्रमक आहे, बाहेर पसरली का, यावर. "त्यात लवकर आलात, हे बरं केलंत. आता यांची बिडी बंद, अशी गाठ तिच्यानेही होते. आणि ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने मूत्राशय तपासायचं. ही गाठ पुन्हा तिथे उगवू शकते."

एक किडनी नळीसकट काढली. गाठ खोल शिरली नव्हती.

बिडीने मात्र दमवलं. वहीत तिचं वेगळं पान केलं आणि रोजचा आकडा त्यांनाच लिहायला लावला. आठवडाभर शून्य. आठव्या दिवशी ते स्वतःच आले, दोन शून्यं खोडली आणि तिथे एक-एक बिडी लिहिली. "पोथीत खोटं नको," म्हणाले. त्यानंतरची शून्यं मी तपासली नाहीत.

गेल्या महिन्यात चौथी तपासणी झाली. मूत्राशय स्वच्छ. परतताना बसमध्ये मी पेरणीची यादी काढली.

"बीट खोड," ते म्हणाले.

"काहून? चांगलं खपते."

"खपू दे. लाल दिसलं त कायचं हाय, लगेच समजलं पाह्यजे."

बिटाच्या वाफ्यात आता मुळा आहे. बाजारात फारसा खपत नाही. आज सलग पाचव्या दिवशी घरात मुळ्याची भाजी, आणि मामाजींची तक्रार मी वहीत तारखेसह लिहून ठेवली आहे.