मास्तर, रंग धोतराला लागेल का?

१४ मे. सकाळपासून कडक ऊन, तापीकडून वाऱ्याची झुळूक नाही. जुन्या खुर्च्या रंगवायला लागलो तेव्हापासून किस्से असे साठले आहेत, की खुर्च्या कमी आणि किस्से जास्त!

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. इथले काही साहेब मुंबई राज्यात गेले आणि जाताना फर्निचर विकून गेले. आमच्या बुऱ्हाणपुरात घरोघरी विटक्या खुर्च्या आल्या. मी शाळामास्तर. माझ्या वाट्याची चामड्याची खुर्ची चुकतमाकत मीच रंगवली. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायची, स्पिरिटमध्ये कालवलेला रंग बोळ्याने पातळ चढवायचा, वर मेण. शेवटी पांढरं फडकं घासायचं. ते पांढरं राहीपर्यंत कोणाला बसू द्यायचं नाही.

पण जुनी वस्तू नवी दिसली, की लोकांना आधी संशय येतो.

*

दारं लावून रंग देत होतो. स्पिरिटचा वास गल्लीभर! शेजारीण हिला म्हणाली, "वहिनी, मास्तर दुपारचेच घेतात का हो?"

हिने खुर्ची, बाटली आणि मी, तिघांना अंगणात काढलं. "आता सगळ्यांच्या देखत घ्या!"

*

शेजारचे दाजी, केळीवाले शेतकरी. ते खुर्चीवरून बोट फिरवत, बोट उजेडात धरून बघत, आणि खिडकीत बसत.

"बसा की दाजी."

"मी बरा आहे भो इथं. धोतर नवं आहे."

*

तेच दाजी घरच्या सोफ्याला मात्र माझा रंग घेईनात. त्यांचा हिशेब सोपा होता. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही, मग चामड्यावरून कसा जाईल? बागेतून तांब्याभर चीक आणून सोफ्याला फासला!

डाग पक्का पडला, पण चट्ट्याचट्ट्यांचा. चिकटपणाही पक्का! जावई उठायला गेले, तर धोतर सोफ्यालाच! सासूबाई आतून म्हणाल्या, "बसा हो अजून, एवढी काय घाई!"

*

पोस्टातल्या बाबूंनी खुर्ची आणली. मी खालचा कोपरा उलटून पाहिला, तर मागे कापडाची वीण. "बाबू, हे चामडं नाही, रेक्झिन आहे. माझा रंग यात मुरणार नाही."

"विकणारे साहेब खोटं बोलतील? तुम्ही लावा!"

लावला. बाबू बसले, तसे रंगाचे पापुद्रे सुटले. बाबूंचा निकाल ठरलेला होता. "मास्तर, तुमचा रंगच लबाड!"

*

आणि नामदेवची खुर्ची.

नामदेवचं सलून चौकात. खुर्ची चामड्याची, उन्हाने पार विटलेली. समोर चकचकीत खुर्च्यांचं नवं सलून उघडलं आणि गिऱ्हाईक तिकडे सरकू लागलं. नामदेव म्हणाला, "मास्तर, रंग द्या. पण एका धोतराला जरी डाग पडला, तर मला पेटी घेऊन खेडोपाडी फिरावं लागेल."

रंग वाळवून दुकान उघडलं त्या सकाळी बाकावर जागा नव्हती आणि खुर्ची रिकामी! सगळे पेपर वाचत होते.

"दाजी, तुमचा नंबर."

"होऊ दे इतरांचं. मला घाई नाही."

तेवढ्यात ग्वाल्हेरकडून बदलून आलेले नवे साहेब शिरले. नवी कोरी गर्द निळी पँट. "ये रंग छूटेगा तो नहीं?"

नामदेवने माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "तो पहले मास्टरजी बैठेंगे."

पांढऱ्या धोतरात बसलो. नामदेवने दाढी केली, नजर मात्र माझ्या धोतरावर. भीती मला वस्तऱ्याची जास्त की डागाची, सांगता येत नाही! उठलो. दाजींनी मला पाठमोरं उभं केलं, वाकून धोतर तपासलं. पांढरं स्वच्छ.

"मास्तर अधांतरी बसले असतील!" दाजी म्हणाले.

मग साहेब बसले. कटिंग, दाढी, वर चंपी. घाम निथळत होता. साहेब उठले आणि बाकावरच्या सगळ्या माना एकदम वाकल्या.

तपकिरी गादीवर दोन मोठे निळे डाग.

नामदेवने ओलं फडकं फिरवलं. फडकं निळं झालं, गादी तपकिरीच राहिली. साहेबांनी फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पँटीकडे.

दाजींनी पेपर खाली ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.