‘सुंदर. फक्त...’

शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका शेडमध्ये आम्ही काही हौशी लोक रविवारी जुन्या गाड्या जोडतो. जुन्या काळच्या शौकिनांसारखा गाडीचा टप कापून खाली बसवायचा, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, आणि प्रत्येक वस्तू त्या काळातलीच हवी. तिथे पुण्याचे एक गृहस्थ येतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टॉर्च. स्वतःची गाडी नाही, पान्याला कधी हात लावलेला नाही. टॉर्च मारून वाकून बघणार आणि म्हणणार, "सुंदर. फक्त..." त्या ‘फक्त’ला माझं डोकं फिरतं.

"फक्त हा स्क्रू नंतरच्या काळातला वाटतो, साहेब."

"फक्त रंग जरा जास्तच चमकतोय."

माझं इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा बायको फोनवर व्हिडिओ काढत होती, मुलगी "बाबा, इट्स वर्किंग!" म्हणून नाचत होती. आणि या माणसाने सरळ आत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद!

"सुंदर. फक्त ही वायर प्लास्टिकची आहे. तेव्हा कापडी असायची."

"खलास! बस झालं! आधी बाहेर व्हा!" मी किंचाळलो. त्यांनी शांतपणे टॉर्च विझवली आणि ते गेले.

त्यानंतर त्यांना शिव्या घालत घालतच मी सगळ्या वायरी उपटल्या आणि कापडी बसवल्या.

काल ते आले. टॉर्च मारली, वाकले, गाडीभोवती पूर्ण फेरी घातली. "सुंदर," म्हणाले आणि निघाले.

मी तावातावाने फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावलो. "अहो, फक्त काय? बोला ना!"