पदरातला कापूस

विशाखाच्या गळ्यावरचा वळ चांगुणाबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. सुट्टीला सेलूला आलेली लेक दिवसभर मानेला रुमाल गुंडाळून वावरली. डोकं धुताना रुमाल सुटला आणि बोटांचे काळेनिळे ठसे दिसले.

परभणीच्या दवाखान्यात ती अपघात विभागात सिस्टर. कुणी पेशंट अंगावर धावू लागला की तिलाच हाक मारतात. ती आवाज चढवत नाही. गर्दी बाहेर काढते, खाटेच्या पायथ्याशी बसते आणि आधी त्याचे हात बघते.

परवा सोनपेठचा दत्तराव आला. बायकोशी भांडून फवारणीचं औषध प्यायलेला. विष उतरवायच्या इंजेक्शनांनी माणसाला भ्रम होतो. तो सलाईन उपसत होता, लाथा झाडत होता. बँडेजने हात बांधायला निघालेल्यांना विशाखाने थांबवलं. त्याची बोटं हवेतून काहीतरी वेचत होती. तिने पदर पुढे धरला.

"दादा, इथं टाका."

"लय भिजलाय कापूस."

"असू द्या. वाळवू आपण."

तो पदरात कापूस टाकत राहिला, तिने सलाईन पुन्हा लावलं. इतक्यात दारातून त्याच्या भावाने, माणिकरावाने विचारलं, "तुमी कोनापैकी, बाई?"

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले दिवस. तिने आडनाव सांगितलं.

"हिला हात लावू देऊ नका!" तो ओरडतच आत घुसला. त्या गलक्याने दत्तराव दचकला आणि समोर होता तो गळा त्याने आवळला.

"आजारी माणूस तो, आई. त्याच्यावर काय रागवायचं?"

"अन् भाऊ? त्याला कोणता आजार?"

"त्याच्यावर इंजेक्शन निघालं नाही अजून," विशाखा हसली.

चांगुणाबाईंना हसू आलं नाही. "शेजारच्या आबासाहेबांना सांगते. दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांशी त्यांची ओळख आहे, रात्रपाळी बदलून देतील."

"नको. मी नसले की त्याला बांधतील. सारखा बायकोला हाका मारतो गं. पण हिच्यापायी प्यायला म्हणून माणिकराव बायनाबाईला येऊच देत नाही."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. चांगुणाबाईंनी कणीक भिजवायला घेतली. ती खाट, ते हात, दारात उभा तो भाऊ. शेवटी कणीक तशीच झाकून त्या शेजारी आबासाहेबांकडे गेल्या. गल्लीत फोन तेवढाच.

सगळं ऐकून आबासाहेब म्हणाले, "पोरीची ड्यूटी बदलायची ना, बाई? लावू का साहेबांना?"

हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण हे कळलं, तर पुढचा वळ विशाखा त्यांना दिसूच देणार नव्हती.

"नको. सोनपेठला अर्जंट कॉल लावायचाय. माझी मैत्रीण नर्मदा तिथल्या शाळेत आहे, घरी फोन आहे तिच्या. दत्तरावाच्या बायनाबाईला शेवटच्या एसटीत बसवून दे म्हणते."

"दिराने अडवलं तिला तर?"

"दीर दवाखान्यात बसलाय. अन् तिथं विशाखा आहे," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि ओल्या कणकेच्या हाताने त्यांनी फोन उचलला.