अर्कादींनी घातलेला हार

अर्कादी सुखोव माणसाला आहे त्याहून बरा कधी रंगवत नसत, आणि त्यापायी त्यांची जन्मभर परवड झाली. तरुणपणी रशियात त्यांनी पोलाद कारखान्यातले कामगार रंगवले. प्रदर्शनात कामगार इतके दमलेले का दिसतात, म्हणून सरकारी साहेबांनी चित्रं भिंतीवरून उतरवली. पुढे राजवट बदलली, तेव्हा गॅलरीवाले म्हणाले, असली हुबेहूब चित्रं आता घेतो कोण! शेवटी मुलीच्या, इरीनाच्या, मागोमाग ते मँचेस्टरला आले आणि आमचे शेजारी झाले.

दोन हजार चार साली लायब्ररीने त्यांना प्रदर्शनासाठी हॉल दिला. शेजाऱ्यांच्या चित्रांत माझंही चित्र होतं. माझी बायपास ठरलेली. मी स्वतः डॉक्टर, त्यामुळे काय काय बिघडू शकतं ते तोंडपाठ. आमच्या दिवाणखान्यात मला बसवून अर्कादींनी ती भीती जशीच्या तशी उतरवली.

"अहो, ओठ किती निळे केलेत! जरा ब्राइट करायला सांगा ना," सुमन म्हणाली. माझी बायको मागे लागली की ऐकत नाही. मी सांगितलं, पण अर्कादींनी नकारार्थी मान हलवली.

शनिवारी प्रदर्शन, सोमवारी ऑपरेशन. सुमनने सुपरमार्केटमधून डझनभर लाल गुलाब नेले. फुलं हातात घेताना अर्कादींचा चेहरा उतरला. इरीना त्यातलं एक फूल काढायला लागली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि मोठ्या हौसेने आम्हाला माझ्या चित्रापाशी नेलं.

चित्राला चंदनाचा हार घातलेला होता.

माझ्या आईवडिलांच्या फोटोंना आमच्याकडे असेच हार आहेत. समोर बसून ते रोज पाहणाऱ्या या भल्या माणसाला वाटलं, आम्ही चित्राचा असाच मान करतो. सुमनने हार ओरबाडून काढला. "ही इज अलाइव्ह!" ती भर हॉलमध्ये ओरडली. "हे आम्ही मेलेल्यांना घालतो!"

अर्कादी पांढरेफटक पडले. सॉरी, सॉरी म्हणत राहिले. मी शकुनबिकुन मानत नाही. तरी दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

सोमवारी मी शुद्धीवर आलो, तेव्हा सुमनचा हात माझ्या हातात होता. बुधवारी अर्कादी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काही दुखत असल्याचं कधी बोलले नव्हते.

अंत्यविधीला सुमन एकटीच गेली. परतली ती थेट वॉर्डात, कोट न काढताच माझ्याजवळ बसली. रशियन लोकांत जिवंत माणसाला फुलं नेहमी विषम द्यायची. सम फुलं फक्त मेलेल्याला. इरीनाने तिला आज सांगितलं होतं.

"त्या दिवशी इरीना एक काढत होती, तर ते म्हणाले, राहू दे. सुमनच्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे, तिला कशाला आणखी घाबरवायचं?" सुमनने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "अहो, त्यांच्या खुर्चीशेजारी ती फुलं अजून आहेत. बाराच्या बारा."