सहा शिंगांची पिन्याता

साल्वातिएर्रा, शुक्रवार, १७ डिसेंबर १९७१. सकाळी दाट धुकं. चक्कीवरून मक्याचं पीठ आणलं. ओतिलियाला शाळेच्या नोकरीतून काढलं. दुपारी मदरना भेटून आले.

माझ्या रोजच्या वहीत ओतिलियाबद्दल नोंद एवढीच आहे. राग आला की माझी वाक्यं आखूड होतात. जे त्या दिवशी लिहिता आलं नाही, ते आता लिहिते.

ओतिलिया माझी धाकटी नणंद. माझे सासरे पिन्याता करायचे, म्हणजे नाताळात दोरीला टांगून काठीने फोडायची, आत मिठाई भरलेली सजवलेली मडकी. मातीच्या मडक्यावर वर्तमानपत्राचे थर, त्यावर पुठ्ठ्याच्या शंकूंची शिंगं, शिंगांवर रंगीत कागदाच्या झालरी. घरभर खळीचा वास. सासऱ्यांनी शिंग बसवताना मोजायला कधी दोरी लावली नाही की पट्टी. मडकं मांडीवर फिरवायचे आणि बोट ठेवायचे. ओतिलिया त्यांच्या शेजारी बसून वाढली. पुढे मोरेलियाला राहून रसायनशास्त्र शिकली. लग्न केलं नाही. बोलणं सरळ, इतकं सरळ की समोरच्याला टोचायचं. नन्सच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा मीच शाळेच्या प्रमुख मदरकडे शब्द टाकला, कारण मी त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी.

रेणूंचे आकार शिकवायचे म्हणजे पोरींची दांडी गुल. मिथेनच्या मधल्या कार्बनला चार हायड्रोजन. काढा म्हटलं की आमच्या गावची प्रत्येक पोर सपाट क्रूस काढणार. चार म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही, डोळ्यांसमोर जन्मापासून तोच. ओतिलिया रागावली नाही. बापाच्या पडवीतून मडकी आणि शिंगं उचलून वर्गात नेली. म्हणाली, ही चार शिंगं म्हणजे चार जावा समजा, एकमेकींशी पटत नाही, प्रत्येकीला दुसरीपासून होता होईल तेवढं लांब बसायचंय; बसवा. पोरींनी चारही मडक्याच्या पोटाभोवती लावली. ओतिलियाने विचारलं:

"सगळ्या कमरेलाच का गं चिकटल्यात? वर ओसाड, खाली ओसाड. जागा मोकळी असताना कोण दाटीत बसतं?"

मग पोरींचे हात हलू लागले. एक शिंग वर गेलं, बाकीची तीन खाली पसरली, आणि क्रूस मोडून मडकं तिपाईसारखं उभं राहिलं.

अमोनियाला तिने शिंगं तीनच दिली. चौथ्या जागी रद्दी कागदाचा बिनरंगी बोळा चिकटवला. ही इलेक्ट्रॉनची एकटी जोडी, ती म्हणाली. हिला कुणाशी हात मिळवायचा नाही, पण जागा मात्र इतरांपेक्षा जास्त लागते, म्हणून ती तिघींना रेटते. पोरींनी त्या बोळ्याचं नाव ठेवलं दोन्या रेफूख्यो. ही दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फरशीच्या कारखानदाराची बायको. शाळेच्या प्रार्थनामंदिराचं छप्पर तिच्या पैशाने होत होतं आणि पहिल्या बाकावर ती एकटी तिघींची जागा अडवायची. हे नाव तिच्या कानावर गेलं होतं, याबद्दल मला काडीची शंका नाही.

सोळा तारखेला शाळेची पहिली पोसादा, नाताळाआधीच्या नऊ रात्रींतली. येशूच्या आईबापांना दारोदार आसरा मागायची गाणी झाली आणि अंगणात दोरीवर पिन्याता चढली. ओतिलियाच्या वर्गाने केलेली, निळी-पिवळी, सुरेख. गंधकाभोवती सहा फ्लोरीन असतात तशी सहा शिंगांची. पिन्यातेला शिंगं सात असतात, सात महापापांची, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दोन्या रेफूख्योने मान वर करून मोजली.

"बाई, सातांतलं कुठलं पाप माफ केलंत?"

लोक हसले. ओतिलियाही हसली असती तर तिथेच मिटलं असतं. कागद संपला म्हणाली असती तरी चाललं असतं. पण तिला वाटलं, प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यावं. सहा शिंगं सारख्या अंतरावर बसतात, ती म्हणाली, सातवं घुसवलं की कुणीतरी दाटीत येणारच. दोन्या रेफूख्यो फादरांकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली की आता पापं किती ते प्रयोगशाळेत ठरणार. पिन्याता न फोडताच उतरवली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदरने तिला बोलावलं. सातवं शिंग लावा, म्हणाली. ओतिलिया लगेच कबूल झाली. सणाची वस्तू आहे, सात तर सात, खळ कुठेय विचारलं. मग मदर म्हणाली, वर्गात सांगायचं की सहाचा तो आकार चुकीचा होता, आणि वह्यांत तो खोडायला लावायचा. तिथे ओतिलिया थांबली. शिंग लावीन, उत्तर बदलणार नाही. मदरने प्रयोगशाळेच्या किल्ल्या मागून घेतल्या.

हे तिने माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. मी तिच्यावरच भडकले. पडवीतल्या म्हाताऱ्या बापाला आता काय खाऊ घालणार, विचारलं.

"वहिनी, पोरींनी ते स्वतःच्या हातांनी शोधलंय. त्यांना काय सांगू, तुमचे हात खोटं बोलले?"

मी काळी शाल घेतली आणि शाळेत गेले. मदरने गरम चॉकलेटचा पेला पुढे केला. गोड बोलली. शिक्षिका चांगली आहे, पण छप्पर अजून अर्धं आहे. तू मोठी आहेस, समजाव तिला, एका वाक्याचा तर प्रश्न.

मी म्हणाले, "मदर, खोटं बोलू नये हे मला याच खोलीत शिकवलंत. ते त्या सातांत येत नाही, म्हणून चालतं का?"

तिचा चेहरा उतरला. तुझं तोंड लहानपणापासून असंच, एवढं बोलून तिने घंटा वाजवली. चॉकलेटला मी ओठही लावला नाही.

नोकरी परत मिळाली नाही. जानेवारीत शेजारच्या गावच्या सरकारी शाळेने ओतिलियाला निम्म्या पगारावर घेतलं. रोज पहाटेची बस, परतायला अंधार. इकडे तिचा वर्ग शिवणकामाच्या सिस्टरकडे गेला. तिने फळ्यावर मिथेनचा सपाट क्रूस काढला आणि ज्या पोरींनी तो स्वतःच्या हातांनी मोडला होता, त्यांनी मुकाट उतरवून घेतला. याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी वहीत खाली आणखी एक ओळ लिहिली होती: गॅसची टाकी संपली, घेवडा कोळशावर शिजवला.